कर्कश: बोटांकडून कानाकडे आलेला शब्द

एका तालुक्याच्या गावी शाळाशाळांमधली पोवाडा स्पर्धा झाली. निकाल लागल्यावर परीक्षकांचे गुणांचे कागद ज्या त्या शाळेला देऊन टाकले. सातवीतल्या एका मुलीच्या कागदावर शब्दोच्चार, ताल, आविर्भाव या रकान्यांत चांगले गुण होते. ‘आवाज’ या रकान्यात मात्र दहापैकी पाच, आणि पुढे निळ्या शाईत एकच शब्द: कर्कश. त्याच स्पर्धेत तोच पोवाडा नववीतल्या एका मुलानंही गायला होता. डफ तोच, झीलकरी तेच. त्याच्या कागदावर त्या रकान्यात नऊ, आणि शेरा: पहाडी, खणखणीत. अक्षर एकाच हाताचं. मुलीनं आपला कागद वाचला, त्याची चार पदरी घडी घातली आणि डफाच्या पिशवीत खोल सारली. कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं तरी काय होतं? परीक्षकांना आवाज आवडला नाही, त्यांनी तसं लिहिलं. पण त्या एका शब्दाशी अडखळायला होतं. ‘बेसूर’ लिहिलं असतं तर सूर तपासता आला असता. ‘चिरका’ लिहिलं असतं तर पट्टी उतरवून पाहता आली असती. कर्कश लिहिल्यावर त्या मुलीनं नक्की काय सुधारायचं?

कर्कश म्हणजे नक्की काय?

मोठा आवाज म्हणजे कर्कश, असं बहुतेकांच्या मनात असतं. पण मोठ्या आवाजाला मराठीत वेगळे शब्द आहेत: ढणढणाट, दणदणाट, ठणाणा. चौघडा मोठा वाजतो, त्याला कुणी कर्कश म्हणत नाही. उंच आवाज म्हणावा, तर त्याला चिरका आहे, किनरा आहे. किनरा आवाज उंच असतो, थोडा नाकात असतो आणि कधीकधी गोडही वाटतो. जाड आवाजाला भसाडा आणि घोगरा. त्यातही फरक असा, की भसाडा आवाज जन्माचा असू शकतो आणि घोगरा बहुधा सर्दीचा किंवा वयाचा. घसा बसला की आवाज बसका, ताणला की फाटका. पुष्कळ आवाज एकत्र आले की गलका, कल्ला, गोंगाट, कलकलाट. यातही गलका माणसांचा, कलकलाट पाखरांचा किंवा पोरांचा, आणि गोंगाटात यंत्रंही चालतात. आवाजाचा मोठेपणा, उंची, जाडी, संख्या, सूर या सगळ्यांची वाटणी आधीच झालेली आहे. मग कर्कशच्या वाट्याला काय उरतं? उरतो आवाजाचा पृष्ठभाग. हात फिरवला तर हाताला काय लागेल, ते.

हे काव्यात्म म्हणून लिहिलेलं नाही, शब्दाचा इतिहासच तसा आहे. संस्कृतात कर्कश हा आधी कातडीचा शब्द. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रघू इंद्राच्या दंडात बाण रुतवतो, तेव्हा कालिदास त्या हाताचं वर्णन करतो: ऐरावताला थापटून थापटून ज्याची बोटं कर्कश झाली आहेत असा हात. तिथे इंद्र ओरडत नाही. बोटं राठ पडली आहेत, एवढंच. माहुताचा हात ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना ही बोटं ओळखू येतील. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पुन्हा हत्तीच येतो. पार्वतीच्या मांड्यांना सोंडेची उपमा द्यावी, तर सोंडेची त्वचा कर्कश. केळीच्या खांबाची द्यावी, तर तो फार गार. म्हणून दोन्ही उपमा बाद. दोन काव्यं, दोन हत्ती, आणि दोन्ही ठिकाणी कर्कश म्हणजे हाताला लागणारं खरखरीतपण. शास्त्र्यांच्या भाषेत तर ‘तर्ककर्कश’ हे चक्क कौतुक होतं. ज्याची बुद्धी तर्काचा व्यायाम करून करून टणक झाली आहे, जिच्यावर कुणाचा मऊ युक्तिवाद घसरत नाही, तो तर्ककर्कश पंडित. आज एखाद्या प्राध्यापकाच्या सत्काराच्या भाषणात ‘आपण अत्यंत कर्कश आहात’ म्हणून पाहावं, म्हणजे शब्द किती लांब आला आहे ते कळेल.

आणि तरी तो पुरता बोटं सोडून आलेला नाही. आपण आवाजाबद्दल बोलतो ते जवळजवळ सगळं स्पर्शाच्याच भाषेत. आवाज मऊ असतो, बोचरा असतो, धारदार, खरबरीत, जाड, पातळ, थंड असतो. शाळेच्या व्याकरणात क ते म ही पंचवीस व्यंजनं ‘स्पर्श’ व्यंजनं म्हणून पाठ करून घेतात, मग त्यातली काही कठोर, काही मृदू. क, ख, च, छ, ट, ठ, त, थ, प, फ आणि श, ष, स ही कठोर. ग, घ, ज, झ वगैरे मृदू. मुलं ती यादी घोकतात, पण आवाजाला कठोर का म्हणायचं हे क्वचितच कुणी सांगतं. गळ्यावर दोन बोटं टेकवून आधी ‘ग’ आणि मग ‘क’ म्हणून पाहिलं की चटकन कळतं. ‘ग’ला बोटांखाली गुणगुण लागते, ‘क’ला लागत नाही, तिथे हवा अडते आणि फटकन सुटते. आता कर्कश हा शब्दच सावकाश उच्चारून पाहा. क, मग रफार घेऊन पुन्हा क, शेवटी श. चारांतली तीन व्यंजनं कठोर, आणि मधल्या ‘र’चा धक्का थेट पुढच्या ‘क’वर. बोलताना आपण त्याला आणखी एक कान पिळतो, ‘कर्कश्श!’ म्हणून ‘श’ दुप्पट करतो. तेवढ्यानं भागलं नाही की ‘कर्णकर्कश’. शब्द स्वतःच जिभेला खरखरतो.

त्याच कुळातले घरगुती शब्द पाहिले की मराठीचा कान किती तिखट आहे ते जाणवतं. करकर, किरकिर, कुरकुर. व्यंजनं तीच, नुसता स्वर बदलला. करकर जाड आणि कोरडी: खाटेची, बैलगाडीच्या आसाची, नव्या कोल्हापुरी वहाणेची. किरकिर बारीक आणि चिकट: रातकिड्याची, आजारी लेकराची. कुरकुर दबकी, ओलसर: बिजागरीची, आणि कामावर नाखूश माणसाची. ‘अ’ला तोंड उघडं, ‘इ’ला ओठ ताणलेले, ‘उ’ला ओठ मिटत आलेले, आवाजाची जाडी तोंडाच्या आकारात उतरली आहे. खरखर, घरघर, चरचर यांचीही अशीच तऱ्हा. रेडिओला खरखर, जात्याला घरघर, तव्याला चरचर. यांची अदलाबदल कुणी मराठी माणूस चुकूनही करणार नाही. आणि यात करकर हा काही वाईटच शब्द आहे असंही नाही. नोट कोरीकरकरीत असते. तिन्हीसांज करकरीत असते. गाठ करकचून आवळतात, ब्रेकही करकचून मारतात. पायात करकरणारी वहाण हवीच म्हणून माणसं पैसे मोजतात, कारण तिनं चालणाऱ्याची वर्दी आधी पोचते. राठपणा तिथे नवेपणाची, ठामपणाची खूण आहे.

ही करकर होते कशी, ते दाराच्या बिजागरीवर नीट पाहता येतं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. स्थिर असताना त्यांची पकड घट्ट, सरकू लागले की पकड सैल. दार हळू ढकललं की आधी बिजागरी धरून राहते, जोर साठतो, मग ती एकदम केसभर सुटते आणि पुन्हा धरते. हे धरणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याचाच आवाज होतो. म्हणून दार झटक्यात उघडलं तर कुरकुरत नाही. रात्री कुणाची झोप मोडू नये म्हणून जपून उघडलं की हमखास बोंबलतं. तेल सोडलं की पकडीतला फरक मिटतो आणि आवाज बंद. पण खोबरेल सोडलं तर चार-सहा आठवड्यांत त्यावर धूळ बसते, थंडीत ते थिजतं, आणि बिजागरी पहिल्यापेक्षा जास्त राठ बोलते. शिलाई यंत्राचं पातळ तेल, तेही खिळी वर काढून, पुसून, दोनच थेंब, तेवढं पुरतं. खडूचंही तसंच. नवा अख्खा खडू फळ्याला काटकोनात टेकवून ओढला की तो अडकतो-सुटतो, आणि लांब असल्यामुळे कांडीसारखा थरथरतो. अंगावर काटा येतो तो त्यानं. जुने मास्तर नवा खडू हातात घेतल्या घेतल्या मोडून अर्धा करत आणि तिरका धरत. कांडी आखूड झाली, कोन बदलला, किंकाळी गेली. काटकसर म्हणून ते मोडत नसत.

अंगावर काटा का येतो, याचा शोध बऱ्याच जणांनी घेतला आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फळ्यावर ओरखडे काढल्यासारखा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि त्यातले निरनिराळे पट्टे गाळून तो लोकांना ऐकवला. सगळ्यांचा अंदाज होता की उंच, चिरके स्वर काढून टाकले की त्रास जाईल. गेला नाही. मधले स्वर काढले तेव्हा कुठे लोक सैलावले. पुढच्या अभ्यासांतही बोट त्याच जागेकडे जातं: सेकंदाला साधारण २,००० ते ५,००० कंपनांचा पट्टा. माणसाच्या कानाची नळी अडीच-तीन सेंटीमीटरची, एका बाजूनं पडद्यानं बंद; बासरीसारखी तीही आपला एक स्वर धरते, आणि तो ३,०००च्या आसपास पडतो. म्हणजे त्या पट्ट्यातलं जे काही येईल ते कान स्वतःच वाढवून आत पाठवतो. तान्ह्या मुलाच्या रडण्याचा जोर तिथे असतो, कुकरच्या शिट्टीचा असतो, आणि चार गल्ल्या ओलांडून येणाऱ्या भाजीवाल्याच्या आरोळीचाही. भाजीवाला घसा दाबून, नाकात आणून ओरडतो ते उगाच नाही. गोड आवाजात ‘मेथीऽऽ’ म्हटलं तर ते तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही, आणि दुपारपर्यंत घसा बसतो तो वेगळा.

पण पट्टा ही अर्धीच गोष्ट. खरा राठपणा येतो तो आवाजाच्या चढउतारातून. हे पेटीवर कुणालाही करून पाहता येईल. वरच्या सप्तकातली काळी एक दाबा: सेकंदाला ५५४ कंपनं. तिच्या लगतची पांढरी दोन दाबा: ५८७. एकेक पट्टी ऐकली तर दोन्ही स्वच्छ. आता दोन्ही एकदम दाबा. मधला फरक ३३चा, म्हणून आवाज सेकंदाला ३३ वेळा फुगतो आणि ओसरतो. इतक्या वेगानं कान लाटा मोजू शकत नाही आणि त्यांना एकजीवही करू शकत नाही. त्याला खडबडीतपणा लागतो, पॉलिश पेपरवरून नख नेल्यासारखा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानं १८६३ साली हाच आकडा सांगितला होता: तेहतीसच्या आसपासचे ठोके सर्वांत राठ. पुढे या गुणाला मोजमाप मिळालं, त्याचं एकक ‘अ‍ॅस्पर’. लॅटिनमध्ये अ‍ॅस्पर म्हणजे खरखरीत. हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला. कालिदासाच्या हत्तीला हात लावणारा शब्द आणि प्रयोगशाळेतलं एकक एकाच जागी येऊन उभे राहिले, दोघांनीही कानाची गोष्ट बोटांवर मोजली. साधं बोलणं सेकंदाला चार-पाच वेळा चढतं-उतरतं, एकेका अक्षराबरोबर. माणसाच्या किंकाळीत हाच चढउतार ३० ते १५० असतो. कर्कश आवाज ऐकून मान वळते ती आवडनिवड म्हणून नव्हे. कुणावर तरी बेतलं आहे असं शरीर आधी समजतं, मन मागून येतं.

आता याच राठपणाची दुसरी बाजू पाहायची तर मिरजेला जावं. सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना बसून राहावं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची घोडी रुंद असते, तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो. अगदी मंद उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी. छेडली की थरथरताना घोडीच्या माथ्याला पुन्हा पुन्हा ओझरती शिवते, आणि त्या शिवण्यातून एकाच तारेतून वरचे स्वर उमलत राहतात. हीच जवारी. म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला, सोनेरी आवाज मुळात घासण्याचाच. तारेखाली सुताचा एक पदर घालतात. तो नखानं केसभर पुढे नेला की आवाज मुका, केसभर मागे नेला की झणझण, आणि मधे कुठेतरी एक जागा सापडते तिथे तो एकदम उघडतो. चार तारांची जागा चार वेगळी. खर्जाची पितळी तार जाड, तिला समजावायला सर्वांत वेळ लागतो.

रोज वाजवून वाजवून तार घोडीत बारीक चर पाडते. मग ती उतारावर न टेकता चरात बसते, आणि आवाज फाटतो. सूत कितीही सरकवलं तरी जुळत नाही. अशा वेळी घोडी घासावी लागते. तार उतरवायची, बारीक कानशीनं दोन-चार हलके हात, मग पॉलिश पेपर, पूड फुंकून टाकायची, तार चढवायची, सुरात आणायची, ऐकायचं. पुन्हा उतरवायची. एक हात जास्त पडला तर उतार बिघडतो आणि पूर्ण माथा नव्यानं बसवावा लागतो. जोर मनगटाचा नाही, कानाचा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात लावलेली जवारी जुलैत रुसते, आणि घाईचं गिऱ्हाईक सुताऐवजी जाडसर दोरा घालून बघतं. त्यानं तार घोडीपासून उचलली जाते आणि उरते नुसती टणटण. कारागीर अशा तंबोऱ्याला वाईट म्हणत नाहीत. ‘जवारी गेलीय’ म्हणतात. गेलेली परत आणता येते. गोड आणि कर्कश यांच्या मधलं अंतर सुताच्या एका पदराएवढं आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे जुन्यांनी या गोष्टीचा फार बारकाईनं विचार करून ठेवला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. दिवसा राज्याचे हिशेब पाही आणि संगीतरत्नाकर लिही. त्यानं वाईट गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, भेसूर तोंड पसरणारा, डोळे मिटून घेणारा, नाकात गाणारा. त्यात एक ‘काकी’: ज्याचा आवाज कावळ्यासारखा क्रूर. आवाजाच्या दोषांची यादी आणखी वेगळी, त्यात रूक्ष निराळा, फुटलेला निराळा, सत्त्व नसलेला निराळा. एरंडाच्या पोकळ दांड्यासारख्या मोठ्या पण आत काही नसलेल्या आवाजाला त्यानं ‘बोंबक’ म्हटलं आहे; मराठी कानाला त्यात बोंब ऐकू आल्याशिवाय राहत नाही. सांगायचं ते असं, की हिशेबनीस माणसानं नुसतं ‘वाईट’ लिहून पुढे जायचं नाकारलं. खातं वेगळं, नोंद वेगळी.

काव्यशास्त्रात तर आणखी एक पाऊल पुढे. मम्मटानं शब्दांच्या दोषांची यादी केली तिच्यात पहिलाच दोष ‘श्रुतिकटू’, कानाला कडू. पण तोच पुढे म्हणतो की बोलणारा कोण, प्रसंग कोणता, रस कोणता, यावर दोषाचा गुणही होतो. वीर आणि रौद्र रसांत टवर्ग, जोडाक्षरं, रफार, लांब समास हवेतच. तिथे कोमल पदावली आणली तर तीच चूक. पोवाडा हे याचं रोजचं उदाहरण आहे. डफाची थाप कडक, तुणतुण्याची तार झणझणती, आणि शाहिराचा आवाज त्या दोघांना कापून पलीकडे जायला हवा. त्यातून राठपणा काढून टाकला तर उरेल ते भावगीत होईल. आणि मोर? मोराचा टाहो ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना तो गोड म्हणवणार नाही. तरी परंपरेनं षड्ज मोराला दिला. सगळ्या सुरांचा पाया त्या आवाजात ऐकला. मोरोपंतांनी देवाला घातलेल्या हाकांना ‘केकावली’ नाव दिलं, केका म्हणजे मोराची आरोळी. आपल्या नावावरचा श्लेष त्यांना साधायचा होताच. पण आर्त हाक मंजुळ नसते हेही त्यांना ठाऊक असणार. कोकिळेचं नाव घेणं काही अवघड नव्हतं.

एवढा बारकावा असलेल्या भाषेत या शब्दाचं एक रूप मात्र मन खट्टू करतं. कर्कशा. स्त्रीलिंगी नाम. भांडखोर, तोंडाळ बाई. याचं पुल्लिंगी नाम मराठीत कधी घडलंच नाही. कजाग, कैदाशीण, कर्कशा ही सगळी बिरुदं बायकांच्याच वाट्याची. पुरुष तेवढ्याच आवाजात ओरडला तर तापट, कडक, फार झालं तर आग्या वेताळ. आता नुसतं शरीर पाहू. प्रौढ पुरुषाचा बोलण्याचा स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या पुढे, लहान मुलांचा आणखी वर. दोघंही तावातावानं ओरडले तर बाईच्या आवाजाचा जोर कानाच्या त्या हुळहुळ्या पट्ट्यात अधिक सहज पोचतो. ऐकणाऱ्याच्या कानाच्या नळीची लांबी हा काही बोलणारीचा स्वभाव नव्हे. गुणाचं नाम झालं, नामाचं बिरुद झालं, आणि बिरुद एकदा चिकटलं की ती बाई काय म्हणते आहे हे ऐकायची गरजच उरली नाही. नळावर पाणी सोडणाऱ्यानं अर्धा तास आधी पाणी बंद केलं, हे ती सांगत असते. आजूबाजूला म्हणतात, कर्कशा आहे.

जिथे शब्द नेमका वापरायला हवा तिथे मात्र आपण तो हरवतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ क्रमांकाचा नियम हॉर्नबद्दल आहे. सुरावट वाजवणारे हॉर्न नकोत, आणि वाजवीपेक्षा कर्कश, किंचाळता, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारं कुठलंही साधन नको, असं तो सांगतो. म्हणजे कायद्यानं कर्कश आणि मोठा हे दोन वेगळे गुन्हे धरले. पण मोजायला आपल्या हातात एकच यंत्र, डेसिबलचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तो आकडा आवाजाची मात्रा सांगतो, खरखर सांगत नाही. सायलेन्सरची जाळी काढलेली मोटरसायकल आणि दुरून येणारी सनई एकाच आकड्यावर येऊ शकतात. एक झोपेतून उठवते, दुसरी झोपवते. तक्रार लिहिताना म्हणून ‘आवाज फार मोठा आहे’ यापेक्षा आवाज कसा आहे, तुटक फटफट आहे की सलग किंचाळणं, किती वाजता, किती वेळ, दार लावल्यावर उरतो की जातो, हे लिहिलेलं जास्त कामी येतं.

आणि आता पुन्हा तो कागद.

त्या सभागृहात वर सिमेंटचे पत्रे होते, खाली फरशी, पडदा एकही नाही. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कर्णे. अशा कर्ण्याला खालचे स्वर झेपत नाहीत, तीन-चारशे कंपनांच्या खालचं तो जवळजवळ गिळून टाकतो आणि मधला पट्टा पुढे ढकलतो. जत्रेत ‘हरवलेला मुलगा इथे आहे’ सांगायला तो उत्तम, गाण्याला नाही. माईक एकच. घोषणा करणाऱ्या सरांनी तो ओठांना लावून वापरला होता, म्हणून बहुतेक मुलांनीही तसाच धरला. वर गोंगाटावर मात करायला आवाजाचं बटण पुढे सारलेलं. मुलगी काळी पाचमध्ये गात होती. तिचा वरचा सा ४६६ कंपनांचा. ती जोर लावून तिथे पोचली की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपायची आणि लाटेचे माथे कापल्यासारखे सपाट व्हायचे. माथे असे कापले गेले की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट नवे स्वर त्यात घुसतात: १,३९८, २,३३०, ३,२६२. शेवटचे दोन थेट कानाच्या हुळहुळ्या पट्ट्यात, आणि कर्ण्याचा आवडता पट्टाही तोच. मुलगा काळी एकमध्ये, त्याचा आवाज फुटलेला, वरचा सा २७७चा. त्याच्याही लाटा कापल्या गेल्या असतील, पण २,०००च्या वर जायला त्याला नवव्या पटीपर्यंत चढावं लागतं आणि तोवर त्या स्वरांचा जोर ओसरलेला असतो. शिवाय मुलगा उंच, माईक स्टँडवर खाली, तोंडापासून वीतभर दूर. मुलगी बुटकी, तिनं तो स्टँडवरून काढून हातात घेतला आणि ओठांशी नेला.

परीक्षकांच्या कानाला जे लागलं ते खरंच राठ होतं. फक्त ते मुलीच्या गळ्यातून आलेलं नव्हतं, यंत्रातून आलेलं होतं. तपासायला फार काही लागलं नसतं: माईक बाजूला ठेवून दोन ओळी म्हणायला सांगायच्या. तरीही खरखर राहिली, आणि ती तीन-चार आठवडे टिकलीच, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, कारण जोर लावून गाणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात आणि वेळेत विश्रांती दिली तर बहुधा जातात. खरखर गेली तर माईक चार बोटं लांब, किंचित तिरका, बटण दोन घरं मागे. गुणपत्रकाचा रकाना बोटभर रुंद असतो. ‘वरच्या सा’ला माईक फाटतो, लांब धर’ एवढं त्यात मावतं.